सामान्य असण्याचा हक्क : एका ‘पडलेल्या’ सिनेमाच्या बाजूने

सिनेमा वाईट आहे, असे आम्हाला सगळ्यांनी बजावून सांगितले होते. इंग्रजी परीक्षणे वाचली, हिंदी यूट्यूबवाल्यांचे ऐकले, ओळखीच्या मुलांनीही ‘पैसे वाया घालवू नका’ म्हणून सल्ला दिला. परीक्षणे गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर निम्म्याहून कमी समीक्षकांनी त्याला बरे म्हटले होते. तरीही आम्ही गेलो, फारशी अपेक्षा न ठेवता गेलो, आणि आम्हाला तो आवडला. मनापासून आवडला. का आवडला हे सविस्तर मांडायचे कारण एवढेच, की त्या आवडण्यात आपल्या चळवळीच्या कामाचे बरेच काही दडलेले आहे, असे आमचे मत झाले आहे.

सिनेमा म्हणजे ‘कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’. १४ फेब्रुवारी २०२५ला तो प्रदर्शित झाला. त्याच दिवशी ‘छावा’ही आला. त्यामुळे त्या आठवड्यात सातारा-सांगलीकडे दुसऱ्या कुठल्या सिनेमाचे नाव काढणेही अवघड होते. आम्ही साताऱ्याचे तिघे आणि सांगलीचे चौघे, सगळे अभ्यासवर्गातले. हिंदी डबचा दुपारचा एक खेळ सांगलीत मिळाला. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. बाहेर दुसऱ्या पडद्यासाठी रांग लागलेली, घोषणा चाललेल्या, आणि आत आम्ही सात जण एका काळ्या माणसाला उडताना पाहत होतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅप्टन अमेरिका हे पात्र १९४१ साली जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी निर्माण केले. दोघेही ज्यू कुटुंबांतले, आणि पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा नायक हिटलरच्या तोंडावर ठोसा मारतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. हा नायक म्हणजे स्टीव्ह रॉजर्स, एक किडकिडीत गोरा पोरगा. सरकारी प्रयोगशाळेत त्याला एक औषध टोचतात आणि तो महाबली होतो. पुढे सिनेमातला स्टीव्ह म्हातारा होऊन निवृत्त होतो आणि आपली ढाल सॅम विल्सन या काळ्या मित्राच्या हाती देतो. सॅमला ते औषध कधीच मिळालेले नाही. तो सैनिक होता, पंख लावून उडायचा, ‘फाल्कन’ म्हणून ओळखला जायचा. २०२१च्या मालिकेत तो ढाल घ्यायला कचरतो आणि ती संग्रहालयात देऊन टाकतो. सरकार काय करते? तीच ढाल उचलून एका गोऱ्या सैनिकाच्या हातात ठेवते. सॅमला ती परत मिळवावी लागते. हा नवा सिनेमा म्हणजे त्या मालिकेचा आणि आधीच्या तीन कॅप्टन अमेरिकांचा पुढचा भाग. सॅमची भूमिका अँथनी मॅकीने केली आहे, आणि दिग्दर्शक आहेत नायजेरियात जन्मलेले ज्युलियस ओना.

आता समीक्षकांनी दाखवलेले दोष. ते खोटे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पटकथा अनेक हातांतून गेल्यासारखी वाटते, आणि काही दृश्ये नंतर पुन्हा चित्रित केली हे तर जाहीरच आहे. खलनायक कोपऱ्यात बसून सूत्रे हलवतो, पण त्याची भीती वाटत नाही. काही ठिकाणी संगणकाने केलेली दृश्ये कच्ची दिसतात. २००८च्या ‘हल्क’ सिनेमातले धागे इथे येऊन जोडले आहेत. तो न पाहिलेल्या माणसाला अर्धे संवाद कळत नाहीत, आणि आमच्यातल्या दोघांना कळले नाहीत. हे सगळे मान्य. पण दोष मोजून झाल्यावरही एक प्रश्न उरतो. अशा दोषांचे सिनेमे सुपरहिरोंच्या दुनियेत नवे आहेत का?

२०१३चा ‘थॉर : द डार्क वर्ल्ड’ आठवा. त्यालाही समीक्षकांनी झोडपले होते. आजही तो त्या मालिकेतल्या सर्वांत फिक्या सिनेमांत गणला जातो. पण म्हणून सोनेरी केसांच्या देवांना सिनेमे देऊ नयेत, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. थॉरला २०१७ला पुढचा सिनेमा मिळाला, २०२२ला आणखी एक मिळाला. तिथे सिनेमा पडला म्हणजे सिनेमा पडला. इथे मात्र सूर वेगळा होता. सॅम विल्सनला हे पेलवत नाही, त्याला औषध नाही, तो स्टीव्ह नाही, ढाल ज्याची त्याच्याकडेच शोभते. सिनेमाचे परीक्षण करता करता लोक माणसाचे परीक्षण करू लागले, आणि माणसाच्या नावाने त्याच्या रंगाचे.

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. वर्गात एखादा खुल्या गटातला मुलगा नापास झाला तर तो मुलगा नापास होतो. आपला मुलगा नापास झाला तर आरक्षण नापास होते. त्यांचा एखादा डॉक्टर चुकला तर तो डॉक्टर वाईट, आपला चुकला तर ‘कोट्यातला’. या हिशेबात आपल्या माणसाला फक्त दोनच जागा आहेत. एक तर तो बाबासाहेबांइतका असामान्य असला पाहिजे, नाही तर तो नालायक ठरतो. मधली जी भली मोठी जागा आहे, जिथे जगातली बहुतेक माणसे सुखाने राहतात, बऱ्यापैकी काम करतात, कधी चुकतात, कधी सुधारतात, ती जागा आपल्यासाठी नाहीच. समतेची चळवळ असामान्यांना संधी मिळवून देण्यापाशी थांबली तर ती अर्धीच राहील. सामान्य असण्याचा, साधारण कामगिरी करूनही जागेवर राहण्याचा, दुसरा प्रयत्न मिळण्याचा हक्क हाही समतेचाच भाग आहे. त्यांना थॉर मिळतो तसा आपल्यालाही एखादा बरा-वाईट सिनेमा मिळाला पाहिजे. म्हणूनच या सिनेमाचे दोष दिसत असतानाही आम्ही खुर्चीत आरामात टेकून बसलो. आपला म्हणून तो उत्कृष्टच असला पाहिजे, हे ओझे आम्ही त्याच्यावर टाकले नाही, आणि ते ओझे उतरल्यावर सिनेमा मजेदार निघाला.

मजा कशात होती, तेही सांगायला हवे. पहिली म्हणजे उडण्यात. हिंदी महासागरावर जहाजांच्या आणि विमानांच्या गर्दीत सॅम आणि त्याचा तरुण साथीदार टोरेस उडत राहतात, क्षेपणास्त्रे अडवतात, दोन देशांचे युद्ध पेटू नये म्हणून धडपडतात. ते दृश्य पाहताना आमच्या रांगेतले सगळे पुढे सरकून बसले होते. सॅमचे पंख वाकांडात घडलेले आहेत, म्हणजे त्या काल्पनिक आफ्रिकी देशात जो कधी कुणाचा गुलाम झाला नाही. गोऱ्या नायकाची ताकद सरकारी प्रयोगशाळेतून आली. या नायकाचे पंख आपल्या लोकांच्या विद्येतून आले. एवढी साधी गोष्टसुद्धा पडद्यावर दिसली की बरे वाटते.

दुसरी गोष्ट आयझाया ब्रॅडलीची, आणि इथे मजा हा शब्द पुरत नाही. आयझाया हा म्हातारा काळा सैनिक. स्टीव्हला दिले तसेच औषध कधीकाळी यालाही टोचले होते. पण स्टीव्हचे पुतळे झाले, आणि आयझायाला आपल्या साथीदारांना वाचवल्याबद्दल तीस वर्षे तुरुंग मिळाला. वर त्याच्या शरीरावर प्रयोग झाले. हे पात्र २००३च्या चित्रकथेत आले, आणि त्यामागे अमेरिकेतल्या टस्कीगीचा खरा इतिहास आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अलाबामात सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे काळ्या पुरुषांवर अभ्यास केला. त्यांतल्या जवळपास चारशे जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन हे औषध उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही, रोग कसा वाढतो ते पाहत राहिले.

नव्या सिनेमात राष्ट्राध्यक्ष सॅमला व्हाइट हाउसला बोलावतो, आणि आयझायालाही तिथे मान मिळतो. म्हातारा कोट घालून येतो. आणि तिथेच, बाहेरून कोणीतरी त्याच्या मनाचा ताबा घेतल्यामुळे, तो राष्ट्राध्यक्षावर गोळी झाडतो. शुद्धीवर आल्यावर त्याला काहीच आठवत नाही. क्षणापूर्वीचा पाहुणा पुन्हा कैदी होतो. कार्ल लम्बलीने हा माणूस असा उभा केला आहे, की पुन्हा कोठडीत जायच्या कल्पनेने त्याचे कोसळणे पाहताना आमच्या रांगेत कोणी बोलले नाही. आमच्यातली एक मैत्रीण पारधी वस्त्यांवर काम करते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘आमच्याकडे यासाठी मनाचा ताबा घ्यायची पण गरज नाही, गावात चोरी झाली की बास.’ १८७१ला इंग्रजांनी जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा केला, १९५२ला तो रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला. पण नजरेतला? सत्कार आणि संशय यांच्यातले अंतर आपल्या माणसासाठी किती कमी असते, हे एका करमणुकीच्या सिनेमाने पाच मिनिटांत दाखवले. सॅमची उरलेली सगळी धावपळ या एका म्हाताऱ्याला निर्दोष सिद्ध करण्यासाठी आहे. जग वाचवणे वाटेत येते म्हणून होते. सुपरहिरोच्या सिनेमात आम्हाला हे फार आवडले.

तिसरी गोष्ट शेवटची मारामारी. राष्ट्राध्यक्ष रॉस, म्हणजे हॅरिसन फोर्ड, रागाने लाल राक्षस बनतो आणि वॉशिंग्टन उद्ध्वस्त करू लागतो. सॅमला त्याला ताकदीने हरवता येत नाही. तो मार खातो, पंख मोडतात, आणि शेवटी तो त्या राक्षसाशी बोलतो. त्याच्या मुलीची आठवण काढतो, त्याच्या आतल्या माणसाला हाक मारतो. राक्षस शांत होतो. अनेक समीक्षकांना हा शेवट फुसका वाटला. आम्हाला अंगुलिमाल आठवला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचलेल्या कोणालाही आठवेल. शस्त्र घेऊन धावणाऱ्या माणसासमोर बुद्ध थांबले, बोलले, आणि माणूस बदलला. सिनेमावाल्यांच्या मनात हे नसणारच. पण पाहणारा आपले डोळे घेऊन थिएटरात जातो, आणि आमच्या डोळ्यांना जे दिसले ते आम्ही सांगतो आहोत.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. सिक्वेल, म्हणजे पुढचा भाग, हीच मुळात अवघड गोष्ट आहे. पहिला नायक गेलेला असतो, आणि जो येतो त्याला प्रत्येक पावलाला विचारले जाते, की तू त्याच्यासारखा का नाहीस? सिनेमात राष्ट्राध्यक्ष सॅमला तोंडावर सुनावतो, की तू कॅप्टन अमेरिका असशील, पण तू स्टीव्ह रॉजर्स नाहीस. सॅमही ते नाकारत नाही. पुढे टोरेस जखमी होऊन दवाखान्यात असतो तेव्हा स्टीव्हने आपल्याला निवडण्यात चूक तर केली नाही ना, ही शंका सॅमला खात असते. जुना मित्र बकी त्याला समजावतो. त्याचा आशय असा, की स्टीव्हने लोकांना विश्वास ठेवायला काहीतरी दिले, तू त्यांना गाठता येईल असे काहीतरी देतोस.

मित्र-मैत्रिणींनो, १९५६नंतर जन्मलेले आपण सगळे सिक्वेल आहोत. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला, प्रत्येक पक्षाला, प्रत्येक लेखकाला हेच ऐकावे लागले आहे, की तुमच्यात आता बाबासाहेबांसारखा कोणी राहिला नाही. विरोधक हे खुशीत म्हणतात, आपली माणसे उसासा टाकून म्हणतात. पण बाबासाहेबांनी आपल्याकडून दुसरा बाबासाहेब मागितला होता का? १९४३ला पुण्यात रानडे, गांधी आणि जीना यांच्यावर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत त्यांनी इशारा दिला, की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात भक्ती हा अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे. बुद्धांबद्दल लिहिताना त्यांनी आवर्जून दाखवले, की बुद्धांनी आपल्या धम्मात स्वतःसाठी जागा मागितली नाही आणि वारसही नेमला नाही. धम्म हाच वारस. हे ज्याला कळले, त्याच्या दृष्टीने ‘दुसरा बाबासाहेब कुठे आहे’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. प्रश्न हवा तो असा, की काम कोण पुढे नेते आहे, आणि किती जण?

शिवाय खुद्द बाबासाहेबांना तरी कोणते औषध टोचले होते? साताऱ्यात राहणाऱ्या आम्हाला याचे उत्तर रस्त्याने जाता-येता दिसते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले ती शाळा, आजचे प्रतापसिंह हायस्कूल, इथेच आहे. वर्गात बसायला वेगळे गोणपाट, आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटायला निघालेली भावंडे मसूर स्टेशनावर उतरली. जात कळल्यावर गाडीवान त्यांना बसवून घ्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी तुम्हीच हाकायची या अटीवर, एक जण कबूल झाला. तो शेजारून चालत राहिला. हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कोणी त्यांना प्रयोगशाळेत महाबली केले नाही. शाळा होती, सुभेदार रामजींचा धाक होता, सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, माता रमाईचे कष्ट होते, आणि रात्र-रात्र वाचणे होते. या यादीतली प्रत्येक गोष्ट माणसाच्या हातातली आहे. म्हणून आम्हाला औषध न घेतलेला कॅप्टन जवळचा वाटतो. पूजेसाठी स्टीव्ह बरा. मागे चालायला सॅमच पाहिजे.

कोणी म्हणेल, अमेरिकेच्या झेंड्याचे कपडे घातलेल्या पात्राशी आपला काय संबंध? संबंध जुना आहे. १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमच्या शेजारी. १९४६ला त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रोंच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करत आलो आहोत, दोघांच्या स्थितीत फार साम्य आहे, असे त्यात लिहून संयुक्त राष्ट्रांकडे द्यायच्या निवेदनाची प्रत मागवली. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले. १९६६ला अमेरिकेत ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला आणि १९७२ला मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर उभी केली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि राजा ढाले यांची ती पिढी. त्यांतले ढाले तर आमच्या सांगली जिल्ह्यातल्या नांद्रे गावचे. तेव्हा आपली आणि त्यांची देवघेव सिनेमाच्या पडद्यावर सुरू झालेली नाही. फाल्कन हे पात्रही १९६९चे, त्याच खळबळीच्या काळातले.

आवडला म्हणजे सगळे पटले, असे मात्र नाही. राष्ट्राध्यक्षाने शेवटी गुन्हा कबूल करून तुरुंगात जाणे आणि सगळे सुरळीत होणे, हे सोयीचे आहे. आयझायाला सोडवले जाते. पण त्याची तीस वर्षे ज्या व्यवस्थेने खाल्ली तिला कोणी जाब विचारत नाही. जिथे वर्णाचा प्रश्न थेट विचारायला हवा तिथे सिनेमा घाबरून बाजूला होतो. चित्रकथेत इस्रायली गुप्तहेर असलेले एक पात्र इथे बदललेल्या रूपात आहे, आणि गाझात माणसे मरत असताना ते ठेवल्याबद्दल पॅलेस्टाईनच्या समर्थकांनी बहिष्काराची हाक दिली होती. तो आक्षेप रास्त आहे. आम्ही त्यावर परतीच्या वाटेवर तासभर भांडलो. आनंद घेणे आणि प्रश्न विचारणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. ज्याला आनंदच घेता येत नाही, त्याचे प्रश्नही लवकर कोरडे पडतात, हा आमचा वस्त्यांवरच्या कामातला अनुभव आहे.

शेवटी समीक्षेबद्दल. समाजशास्त्राच्या वर्गात पिअर बोर्दिये हे नाव शिकलो. अभिरुची ही निसर्गाने दिलेली नसते, ती वर्गाने घडवलेली असते, आणि वरचे लोक तिचा वापर खालच्यांना खाली ठेवण्यासाठी करतात, असे त्यांनी दाखवले. आपल्याला हे पुस्तकाआधीच ठाऊक होते. दलित साहित्य आले तेव्हा ते प्रचारकी आहे, आक्रस्ताळे आहे, त्यात कला नाही, असे कोणत्या तोंडांनी म्हटले होते? वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस टिकले. त्यांनी १९५९ला ‘फकिरा’ लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात भुकेल्यांसाठी धान्य लुटणारा, इंग्रजांशी झुंजणारा मांग समाजातला नायक. सुपरहिरो म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? राज्य सरकारने तिला पुरस्कार दिला, वाचकांनी ती डोक्यावर घेतली, पण साहित्याच्या प्रस्थापित दरबारात अण्णाभाऊंना जागा द्यायला किती वर्षे गेली ते आपण पाहिले आहे. म्हणून कोणी तारे मोजून सांगितले, की हे पाहण्यासारखे नाही, तर आधी विचारावे, कोणासाठी?

म्हणून अभ्यासवर्गाच्या मुलांना आमचे सांगणे एवढेच आहे. परीक्षणे वाचा, पण तिकीट स्वतःच्या बुद्धीने काढा. मिळून पाहा, आणि पाहिल्यावर चहावर वाद घाला. जे वाटले ते लिहा, चार ओळी का होईना. एखाद्या गोष्टीचा आनंद झाला तर तो लपवू नका. आंदोलनातल्या माणसाने फक्त दुःखच सांगावे, असा काही नियम नाही. आणि आपल्यातला एखादा मुलगा, एखादी मुलगी पहिल्यांदा कॅमेरा हातात घेईल, लघुपट करेल, तो कच्चा असेल, लांबलेला असेल, आवाज नीट आलेला नसेल. तेव्हा ‘नागराज मंजुळेसारखा नाही’ म्हणून त्याला घरी पाठवू नका. दोष सांगा, आणि दुसरा कधी करतोस ते विचारा.

जय भीम!